सामायिक घोडी

"बसणार कोण?" फत्तेसिंग बापूंनी विचारलं.

"आम्ही दोघी," मी म्हणाले. "आळीपाळीनं."

बापूंनी आधी माझ्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पायांतल्या कोऱ्या करकरीत बुटांकडे. बुटांवर त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली.

"दोघींत कच्ची कोण?"

"ही," मी ऋजुताकडे बोट दाखवलं. "दोन वर्षं झाली शिकतेय. मी लहानपणापासून घोड्यावर वाढलेय."

ऋजुता तापीच्या पात्राकडे बघत उभी राहिली. पंधरा वर्षांची मुलगी आईच्या बोलण्याला नदीइतकंच महत्त्व देते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला होता. सकाळचे आठ वाजले होते, हवेत गारठा होता आणि मी, धुळ्याच्या कोर्टात अठरा वर्षं वकिली केलेली बाई, काखेत एक फाइल घेऊन घोडा घ्यायला आले होते. फाइलीत मुद्द्यांची यादी होती. वय, उंची, दात, खूर, डोळे, स्वभाव, रहदारीची सवय, बसणाऱ्याचं वजन वगैरे अकरा मुद्दे मी इंटरनेटवरून काढून, टाइप करून, प्रत्येकासमोर चौकोन आखून आणले होते. बापूंनी यादी हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि परत दिली. घोड्यांना वाचता येत नाही, एवढंच ते म्हणाले.

घोडा का, हे सांगायला हवं. ऋजुता नववीत गेली आणि माझ्याशी बोलायची बंद झाली. भांडण झालं असतं तर मला चाललं असतं, भांडण हा माझा धंदाच आहे. पण ती भांडायचीही नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, तेही साक्षीदार देतो तसं. बोलायची ती फक्त पोलिसातून निवृत्त झालेल्या कोळी सरांशी. सर पोलीस दलात घोडे सांभाळायचे आणि निवृत्तीनंतर चार-पाच मुलांना घोडेस्वारी शिकवायचे. त्यांच्याकडून आली की ऋजुताच्या कपड्यांना घोड्याचा वास यायचा आणि चेहऱ्यावर असं काहीतरी असायचं, जे माझ्या घरात कधी तयार झालं नव्हतं. मला त्या वासाचा हेवा वाटायला लागला. साक्री रस्त्याला आमची दीड एकर जागा होती, तिथे गोठाही होता. मी ठरवून टाकलं की एक घोडा घ्यायचा आणि तो दोघींचा असेल. सामायिक मिळकत म्हणजे काय भानगड असते, हे मी रोज कोर्टात पाहत होते, तरीसुद्धा.

माझे यजमान हेमंत पाटबंधारे खात्यात इंजिनियर. त्यांनी विचारलं, तुला घोड्यावर बसता येतं का? मी त्यांना हॉलमधला फोटो दाखवला. माझे वडील वनखात्यात रेंजर होते. धडगावकडे डोंगरात जीप जात नसे, म्हणून त्यांच्याकडे घोडा असायचा. त्या घोड्यावर बसलेली आठ वर्षांची मी, केसांना दोन रिबिनी आणि डोळ्यांत असा रुबाब, की जणू सातपुडा माझ्याच नावावर आहे. या एका फोटोच्या जोरावर मी तीस वर्षं घोडेस्वार म्हणून मिरवत होते. बार रूममध्ये, हळदीकुंकवाला, भिशीत. घोड्याचा विषय निघाला नाही तर मी काढायचे.

कोळी सरांनाही मी भेटून आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली. आई आणि मुलगी मिळून एक घोडा घेणार असतील, तर दोघींत जी कच्ची असेल तिनं आधी खरं सांगायचं आणि मग घोडा बघायचा. नाहीतर पक्कीसाठी तो मंद निघतो किंवा कच्चीसाठी तापट, आणि शेवटी दोघीही उतरतात. मला हे फारच पटलं. घरी येऊन मी ऋजुताला सांगितलं, की तिनं आपल्या कमतरता प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत.

तर बापूंनी आम्हाला तीन जनावरं दाखवली.

पहिला पांढराशुभ्र घोडा. गुलाबी नाक, निळसर डोळे, ढोल वाजला की जागच्या जागी नाचायचा. त्याच्याभोवती माणसं मोबाइल घेऊन उभी होती. हा बघण्यासाठी आहे, बसण्यासाठी नाही, असं बापूंनीच सांगितलं आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला. आदर वाटायला लागला की माणूस बेसावध होतो, हे मी माझ्या अशिलांना नेहमी सांगते.

दुसरी गंगा. पंधरा वर्षांची वरातीची घोडी. पाठ खोलगट झालेली, खालचा ओठ लोंबता. दीडशे नवरे तिनं मांडवापर्यंत पोचवले होते. कानाशी बँड वाजवा, पायाशी फटाके फोडा, ती उभ्या उभ्या झोपलेली. माझं तिच्यावर पाहताक्षणी प्रेम बसलं. एकाही नवऱ्याला घोडेस्वारी येत नाही, तरी वरातीच्या घोडीवरून नवरा पडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी फाइल उघडली आणि स्वभावाच्या चौकोनात ठसठशीत खूण केली.

तिसरी मैना. सात वर्षांची, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, काळी आयाळ. ती झोपलेली नव्हती. तिचे कान सारखे हलत होते, ती आमच्याकडे बघत होती आणि आमच्याबद्दल तिचं काहीतरी मत बनत होतं. ते मला आवडलं नाही.

ऋजुता तिच्याकडे चालत गेली. डावीकडून, तिच्या खांद्याच्या रेषेत, हात खाली ठेवून. तेवढ्यात हेमंतचा फोन आला, पोचलात का, खाल्लं का वगैरे. मी बाजूला जाऊन बोलत होते. बापू चहा सांगायला गेले होते. परत आले तेव्हा ऋजुतानं घोडीवर खोगीर चढवून पट्टा आवळला होता आणि आपल्या स्वेटरची बाही खाली ओढत होती.

"हिला घेऊन एक फेरी मारू?" तिनं विचारलं. मला नाही, बापूंना.

नदीकडेच्या मोकळ्या जागेत तिनं मैनेला आधी चालवलं, मग दुडक्या चालीवर घेतलं, मग सोडलं. मला घोड्यातलं काही कळत नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. पण माझी मुलगी मला तोवर कळली नव्हती, हे त्या पाच मिनिटांत कळलं. घरी पाठीला पोक काढून बसणारी, जेवताना ताटात बघणारी ही पोरगी तिथे ताठ बसली होती, आणि हसत होती. एकटीच, कोणासाठी नाही. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं जमली. यावलचे एक केळीचे बागायतदार होते, ते बापूंना म्हणाले की ताईंचं नाही जमलं तर घोडी माझी.

ऋजुता उतरली. तिचे गाल लाल झाले होते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आई, हीच." गेल्या सहा महिन्यांत तिनं न विचारता माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

"आता तुम्ही, वकीलताई," बापू म्हणाले. "दोघींची घोडी आहे ना?"

मी आजवर खुनाच्या खटल्यात उभी राहिलेय. मंत्र्याला उलटतपासणीत घाम फोडलाय. पण त्या क्षणी मी हातातली फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली. घोडी जवळून फारच उंच दिसते. तिच्या अंगातून वाफ येत होती, पोट भात्यासारखं हलत होतं आणि रिकिबीपर्यंत पाय नेण्यासाठी जो सांधा लागतो, तो माझ्यात आहे की नाही याची मला शंका होती. मी गंगाचा विषय काढून पाहिला. मुलीच्या सुरक्षिततेसाठी शांत जनावर बरं, मला काय, मी कशावरही बसेन. बापू म्हणाले, मग बसा.

मी पुढे गेले. घोड्याजवळ डावीकडून जायचं असतं आणि मी घाबरून उजवीकडून गेले, हे मला नंतर समजलं. मैनेनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मी दचकून मागे सरकले, कोऱ्या बुटाचा तळवा ओल्या चाऱ्यावरून घसरला आणि यावलच्या बागायतदारांसह पंधरा माणसांसमोर मी सपशेल खाली बसले.

उठवायला चार हात पुढे आले. आणि मी खालूनच, कपडे झाडायच्या आधी, म्हणाले, "चावली. ही घोडी चावते."

बाजारात हा शब्द कसा पसरतो ते मला माहीत नव्हतं. लंगडी घोडी विकली जाते, म्हातारी विकली जाते, चावरी घोडी खुंट्यालाच राहते. मागे उभी असलेली माणसं एकेक पाऊल मागे सरकली. बागायतदारांनी आपल्या माणसाला काहीतरी सांगितलं आणि दोघे पलीकडच्या रांगेत गेले. परत आले नाहीत.

बापूंनी माझी बाही बघितली. दुसऱ्या हाताची बघितली. कुठे ओरखडाही नव्हता. मी ताबडतोब भूमिका बदलली. चावली असं माझं म्हणणं नाही, तोंड टाकलं असं आहे. मी वेळीच मागे झाले म्हणून वाचले. कृत्य पूर्ण झालं नाही म्हणून प्रयत्न निर्दोष ठरत नाही. एवढं बोलून माझा जीव शांत झाला. वाद सुरू झाला की मी पुन्हा माझ्या जागेवर असते.

बापू वाद घालत नव्हते. ते मैनेच्या मानेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"वकीलताई, माझ्या नातवंडांत वाढलेली घोडी आहे ही," ते म्हणाले. "दारात जन्मली." मग ते ऋजुताकडे वळले. "बेटा, तू तिथंच होतीस. तू सांग. घोडीनं आईवर तोंड टाकलं का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मीही. माझ्या नजरेत काय होतं ते मी इथे लिहीत नाही. आपल्या बाजूच्या साक्षीदाराकडे वकील ज्या नजरेनं बघतो, तीच होती ती.

ऋजुतानं घोडीकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. खोटं बोलायचं नाही आणि खरं बोलायची सोय नाही, अशा साक्षीदाराला मीच ते शिकवते. माझ्या मुलीला ते कोणी शिकवलं, हा प्रश्न नव्हता. ती आमच्या घरात वाढली होती.

बापूंनी मान हलवली, मैनेचं खोगीर उतरवलं आणि तिला मागच्या खुंट्याला बांधलं. गंगा घ्यायची असली तर सांगा म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आम्ही दोघी चहाच्या टपरीवर बसलो. ऋजुता रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडली नाही. चहाच्या ग्लासाभोवती हात धरून बसली. तेवढ्या वेळात तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन मैनेच्या खुंट्याकडे बोट दाखवत विचारलं, की चावरी घोडी हीच का.

मग तिनं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज न चढवता, एकामागून एक.

"आई, तू घोड्यावर शेवटची कधी बसली होतीस?"

मी म्हणाले, शहात्तर-सत्त्याहत्तर साली.

"एकूण किती वेळा?"

मी म्हणाले, असं मोजून कोणी ठेवतं का.

"फोटोत लगाम कोणाच्या हातात आहे?"

फोटोच्या डाव्या कडेला एक मनगट आहे, खाकी बाहीतलं. बाकीचे वडील मी फ्रेम करताना कापले होते.

"आजोबांनी तुला धरलंय," ती म्हणाली. "मी लहानपणापासून बघतेय. मला वाटलं, तुलाही माहीत असेल."

मी अठरा वर्षांत इतकी नीटस उलटतपासणी केली नव्हती. मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या रागाला टेकायला जागा मिळेना. समोर ती खुंट्याला बांधलेली घोडी दिसत होती आणि येणारा-जाणारा तिच्यापासून हातभर लांबून चालत होता. माझ्या एका वाक्यामुळे.

मी उठले. टपरीपासून बापूंच्या दावणीपर्यंत चाळीस पावलं असतील. तेवढ्यात मी तीन मसुदे तयार केले. पहिल्यात गैरसमज झाल्याची शक्यता होती, दुसऱ्यात उन्हामुळे नीट दिसलं नव्हतं, तिसऱ्यात माझ्या प्रकृतीचा उल्लेख होता. तिथे पोचल्यावर बापूंच्या भोवतीची सात-आठ माणसं माझ्याकडे वळली आणि तिन्ही मसुदे गेले.

"घोडी चावली नाही," मी म्हणाले. "तोंडही टाकलं नाही. मी घाबरले आणि पडले. मला घोड्यावर बसता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी खोटं बोलले, माझी चूक झाली."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण हसला. बापू खाली बघत राहिले, बराच वेळ. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

"पुन्हा सांगा, ताई," ते म्हणाले. "मोठ्यानं. त्या पलीकडच्या रांगेलाही ऐकू जाऊ द्या."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. कोर्टात मला कधी आवाज चढवायला सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवशी लागलं. बागायतदार आता ऐकू येण्याच्या टप्प्यात नव्हते, हेही बरंच झालं, नाहीतर मैना यावलला गेली असती.

मग बापूंनी मैनेला सोडवलं आणि मला बसायला लावलं. एक पाय रिकिबीत, बापूंचा हात कमरेखाली, आणि पोत्यासारखी मी वर. ऋजुतानं लगाम धरला. ती पुढे चालली आणि मी घोडीवर, आयाळ दोन्ही मुठींत घट्ट धरून, डोळे अर्धे मिटून. बाजाराच्या त्या मोकळ्या जागेत आम्ही एक फेरी मारली. एका बाईनं आपल्या पोराला मला दाखवलं. ऋजुता मागे न बघता सांगत होती, टाचा खाली, पाठ सोड, श्वास घे. फेरी संपत आली तेव्हा म्हणाली, "दुसरी मारूया का?" मी म्हणाले, चालेल.

त्याच दिवशी आम्ही मैनेला घेतलं. निघताना बापूंनी माझ्यापुढे हात जोडले. आजवर वकील पुष्कळ बघितले, पण असा बघितला नाही, असं म्हणाले. मला ते फार लागलं, चांगल्या अर्थानं.

पुढचं सांगते. नवव्या दिवशी मैना मला चावली.

मी सकाळी तिला गूळ द्यायला गेले होते. ऋजुता शाळेत होती. मैनेनं गूळ खाल्ला, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे, जणू आधीपासून ठरलेलं एक काम उरकतेय अशा रीतीनं, माझा दंड दातात धरला. सोडला तेव्हा रक्त आलं होतं. मी धावत घरात गेले, हळद लावली, जखम बांधली आणि बापूंना फोन केला. "बापू, घोडी चावते," मी म्हणाले.

मग बापू अतिशय मवाळ आवाजात म्हणाले, "असं कसं, वकीलताई? तुम्हीच तर भर बाजारात सांगितलं, चावत नाही म्हणून. दोनदा सांगितलं."

मी फोन ठेवला. दारात जन्मलेली, नातवंडांत वाढलेली घोडी. ते एवढंसं झालेलं तोंड. खाली बघणं. धुळ्याच्या कोर्टात त्या माणसासमोर मी एकही खटला जिंकले नसते.

ऋजुताला सांगायचं का, याचा मी दिवसभर विचार केला आणि सांगितलं नाही. त्या नऊ दिवसांत ती माझ्याशी बोलायला लागली होती. पहाटे आम्ही दोघी गोठ्यात असायचो. ती मला खरारा करायला शिकवायची, चुकले की ओरडायची, आणि मी ऐकून घ्यायचे. रविवारी ती लगाम धरून मला अर्धा तास फिरवायची. हे सगळं ज्या एका कबुलीवर उभं होतं, तीच मुळात चुकीची निघाली, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार? माझ्या आयुष्यात मी एकदाच लोकांसमोर खरं बोलले होते, आणि तेवढं खोटं निघालं होतं.

मैना वर्षातून दोन-तीनदा मला चावायची. मी कोणाला बोलले नाही. उलट त्या बाजारातल्या प्रसंगाची माझ्याकडून हळूहळू एक सुंदर गोष्ट तयार झाली. एका शाळेनं मला बक्षीस समारंभाला बोलावलं, तिथे मी ती सांगितली. मग दुसऱ्या शाळेत, मग महिला मंडळात, मग वकील संघाच्या कार्यक्रमात. सत्य बोलायला किती धैर्य लागतं, आणि एका मुक्या जनावरावरचा खोटा आळ मी कसा चारचौघांत दूर केला. मुलं तल्लीन होऊन ऐकायची. एका ठिकाणी मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, ताजा चावा होता, आणि शाल पांघरताना मला कळ आली.

गेल्या वर्षी ऋजुताचं लग्न ठरलं. ती आता एकोणतीसची आहे, राहुरीला कृषी विद्यापीठात शिकवते. सुट्टीला आली की आधी गोठ्यात जाते, मग घरात येते. मैना एकवीस वर्षांची झालीय. मी तिच्यावर बसते, चालवते, दुडक्या चालीच्या पलीकडे कधी गेले नाही.

लग्नाचे ब्लाउज शिवायला अलकाताईंना घरी बोलावलं होतं. मे महिना, बाहेर वणवा पेटल्यासारखं ऊन. त्यांनी मला विचारलं, बाही किती? मी म्हणाले, कोपरापर्यंत. ऋजुताला विचारलं, तीही म्हणाली, कोपरापर्यंत. अलकाताई हैराण झाल्या. लग्न मुलीचं, हल्लीच्या मुली बाहीच ठेवत नाहीत, आणि उन्हाळ्यात हे काय. त्यांनी माप घ्यायला ऋजुताची बाही वर सरकवली.

दंडावर चंद्रकोरीसारखी एक पांढरी खूण होती. तिच्याखाली दुसरी. जरा मागे तिसरी, नवी, अजून तांबूस.

मी माझी बाही वर केली.

अलकाताई टेप हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. ऋजुता माझ्या दंडाजवळ आली, बोटानं मोजलं आणि म्हणाली, "तुला जास्त आहेत."

मी तिच्या सगळ्यात जुन्या खुणेवर बोट ठेवलं. ही कधीची?

"बाजारातली," ती म्हणाली. "बाबांचा फोन आला होता तुला, तेव्हा. पट्टा आवळत होते."

म्हणजे मी पडायच्या आधीच. म्हणजे माझं खोटं खरं होतं, आणि हे त्या पंधरा माणसांत दोघांना माहीत होतं, बापूंना आणि माझ्या मुलीला.

"बापूंनी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"त्यांनी विचारलं, आईवर तोंड टाकलं का. ते मी खरंच पाहिलं नव्हतं."

"आणि मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, चावत नाही म्हणून, तेव्हा?"

ऋजुतानं हात लांब केला, म्हणजे अलकाताईंना माप घेता यावं.

"तेव्हा तू माझी चूक झाली म्हणत होतीस," ती म्हणाली. "मी पहिल्यांदाच ऐकत होते. मध्ये बोलले असते तर थांबली असतीस."

पंखा फिरत होता. अलकाताईंनी वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा विचारलं, बाह्यांचं काय करायचं? लग्नाला दोन्हीकडचे पाहुणे येणार होते, त्यात मी जिथे जिथे बोलले होते त्या दोन शाळांच्या मुख्याध्यापिका होत्या.

"लांबच ठेवा," मी म्हणाले. "दोघींच्याही."